बोटभर काठ

आमच्या गावात आट्यापाट्यांचं मंडळ आहे आणि ते दरवर्षी देशभरातल्या संघांच्या स्पर्धेत खेळायला जातं, असं मी कुठं सांगितलं की लोक आधी हसायचे. त्यांना तो शाळेतल्या पोरांचा, मधल्या सुट्टीतला खेळ वाटतो. पूर्वी मी भांडायचो. आता 'जातं'च्या जागी 'जायचं' म्हणावं लागतं, त्यामुळे भांडायला तोंडच उरलेलं नाही.

खेळ सोपा आहे. जमिनीवर एकामागे एक आडव्या पाट्या असतात, फूटभर रुंदीच्या, आणि प्रत्येकीत एक अडवणारा उभा असतो. समोरचे गडी त्याला हूल देऊन पाटी पार करतात. जितक्या पाट्या पार, तितके गुण. अडवणाऱ्याचा हात लागला की पळणारा बाद. या सगळ्या पाट्यांना मधोमध छेदत एक लांब उभी पाटी जाते, तिला सूर म्हणतात. तिच्यावर कर्णधार मागंपुढं धावत असतो. अट एकच, हात मारताना अडवणाऱ्याचा पाय पाटीच्या आत हवा. पाय बाहेर असला तर बाद केलेला गडी परत जिवंत होतो.

हा खेळ गावात रुजवला एका पिंजाऱ्यानं. गाद्या पिंजत गावोगाव फिरणारा तरणा माणूस. साखरखेर्ड्याच्या बाजाराला येता येता आमच्या गावात त्यांची सोयरीक जुळली आणि ते इथंच राहिले. सगळं गाव त्यांना उस्ताद म्हणतं. त्यांच्या वेळी गावात दोनच संघ होते, एक मोहल्ल्याचा आणि एक माळीपुऱ्याचा. पंच मोहल्ल्यातला असला की माळीपुरा बोंब मारायचा, माळीपुऱ्यातला असला की मोहल्ला. एकदा प्रकरण दगडांवर गेलं. तेव्हा उस्तादांनी पंचच काढून टाकला. ज्याचा पाय, त्यानंच सांगायचं. पाय पाटीबाहेर गेला की आपला आपण हात वर करायचा. नुसती शंका आली तरी करायचा.

पण धावता धावता आपला पाय कुठं आहे हे कळणार कसं? खाली बघायची सोय नाही, खाली बघितलं की समोरचा पसार. म्हणून उस्तादांनी पाट्या खोदायला लावल्या. बोटभर खोल, जास्त नाही. काळ्या मातीत राख आणि भुसा कालवून, पाणी मारून, धुमसानं ठोकून काठ पक्का करायचा. दर दिवाळीनंतर आम्ही हे काम करायचो. अनवाणी पायाच्या अंगठ्याला तो काठ लागतो आणि आत की बाहेर ते तिथल्या तिथं कळतं. "डोये गड्यावर ठेवा," उस्ताद म्हणायचे, "पायाचं पायाले माहीत राह्यते." मी शाळेत असल्यापासून त्या काठावर वाढलो. अंधारात उभं केलं तरी मी कुठल्या पाटीत आहे हे सांगू शकत होतो, आणि याचा मला फार गर्व होता.

स्पर्धा आमच्या जिल्ह्याबाहेर, नदीकाठच्या एका गावी भरते. निमंत्रितांची, जुनी, मानाची. कर्नाटकचे येतात, थेट पाँडिचेरीचे येतात. आमचा संघ पहिल्यांदा गेला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मीही त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलो होतो असं वाटतं. आमच्या गड्यानं समोरच्याला बाद केलं, पंचानं शिट्टी मारली आणि आमच्या गड्यानं हात वर केला. पंचाला वाटलं, याला पाणी पाहिजे. पाण्याचा तांब्या आलाही. मग त्यानं सांगितलं की माझा पाय बाहेर होता. त्या दिवसापासून तिथं आमचं नाव हातवाले पडलं. मी पुढं खेळायला लागलो तेव्हा आम्ही मैदानात उतरलो की लोक ओरडायचे, हातवाले आले. ढाल आम्ही कधी आणली नाही. उपांत्य सामन्यापर्यंत दोनदा पोचलो, दोन्ही वेळा हरलो आणि त्यातली एक हार हातामुळेच. तरी परत आलो तेव्हा वेशीवर डफडं होतं. आमच्यातले काही जण खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागले, वनखात्यात लागले. बाकी आमच्या गावाचं नाव जिल्ह्याबाहेर कशासाठी कोणी घ्यावं? ना इथं तीर्थ, ना साखर कारखाना. निमंत्रितांच्या त्या यादीत आमची जागा होती, तेवढंच आमचं होतं.

मग पोरं पुण्याला कंपन्यांत गेली. एकेक करून सगळी. मी गावात पिठाची गिरणी चालवतो म्हणून राहिलो, आणि राहिलो म्हणून चाळिशी उलटली तरी कर्णधार राहिलो. याला कर्तृत्व म्हणत नाहीत. दोन वर्षांपूर्वी आठच गडी जमले. नववा जानेफळहून उसना आणला, तो पहिल्या डावातच दमला आणि आम्ही पहिलाच सामना हरलो. स्पर्धेचा नियम असा की लागोपाठ दोन वर्षं पहिल्या सामन्यात हरलं की निमंत्रण बंद. म्हणजे गेल्या वर्षी एक सामना जिंकायचा होता. फक्त पहिला. त्यापुढचा गेला खड्ड्यात.

वर्षभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. फोन करून करून मी पुण्याच्या पोरांना वात आणला. एकाच्या साहेबाशी मी स्वतः बोललो आणि त्याची आजी वारल्याचं सांगितलं. ती बाई तेव्हा माझ्याच गिरणीत ज्वारी घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "सांगतलं त सांगतलं, पन तेराव्याले मले बोलाव." नऊ जण जमले. एक जादाचाही मिळाला, सुलतानपूरचा.

आणि मग आयोजकांचा निरोप आला की यंदा सामने मैदानात नाहीत, सभागृहात, मॅटवर. पायात बूट बंधनकारक.

आमच्याकडं मॅट कुठली? पाहिलेलीही नव्हती. बाजार समितीच्या सिमेंटच्या ओट्यावर, जिथं सोयाबीन वाळत घालतात, तिथं खडूनं रेघा मारून आम्ही सराव केला. रखवालदार रोज हाकलायचा. बुटांनी माझ्या टाचा सोलल्या. पळता येतंय ना, घसरत नाही ना, एवढंच आम्ही बघत होतो. अंगठ्याखाली काठ नाही, ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आली नाही. जी गोष्ट जन्मभर पायाखाली असते, ती नसली तर काय होईल असा विचार कोण करतो? माझी बायको मात्र ओट्याकडं एकदा चक्कर मारून म्हणाली, "तुमी लोकं आंधयावानी खेयून राह्यले." मी तिला गप्प बसवलं.

सामना कर्नाटकच्या एका नव्या संघाशी होता. पोरं चपळ होती, पण आम्ही जुने. शेवटच्या डावात आम्ही एका गुणानं पुढं होतो. त्यांचा एकच गडी उरलेला, त्यानं एक पाटी पार केली की बरोबरी, आणि वेळ संपत आली होती. मी सुरावर होतो. त्यानं डावीकडं हूल दिली, मी फसलो नाही. उजवीकडं झेपावलो आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. चांगली खणखणीत थाप. शिट्टी वाजली. आमचे आठही जण उड्या मारायला लागले. जागा वाचली होती.

आणि माझा हात वर होता.

मी तो वर केला नाही. हे कोणाला पटत नाही, पण मी केला नाही. थाप मारताना उजव्या अंगठ्याखाली काठ लागायला हवा होता, तो लागला नाही, आणि काठ लागला नाही म्हणजे पाय बाहेर, हे माझ्या अंगाला माझ्या आधी ठाऊक होतं. डोकं जागं होईपर्यंत हात खांद्याच्या वर गेलेला. पंचानं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, पाय. खाली बघितलं तोवर मी दोन पावलं पुढं आलो होतो, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. पंचानं दुसऱ्या पंचाकडं पाहिलं, त्यानं खांदे उडवले. खेळाडू स्वतः सांगतोय म्हटल्यावर ते तरी काय करणार? गडी जिवंत झाला. आमची पोरं अजून एकमेकांच्या गळ्यात पडलेली, तेवढ्यात तो दोन पाट्या पार करून गेला. वेळ संपली.

सभागृहातल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आमच्यासाठी, जिंकणाऱ्यांसाठी नाही. कोणीतरी ओरडलं, हातवाले जिंदाबाद. त्या टाळ्यांचा मला अजून राग येतो. लग्न मोडलेल्या घरी जेवणाची तारीफ करावी तसं ते होतं.

परत येताना गाडीत सुलतानपूरच्या पोरानं मोबाईल पुढं केला. त्यानं बाहेर बसून सगळा डाव टिपला होता. आम्ही तो तुकडा थांबवून, मोठा करून, पुन्हा पुन्हा पाहिला. माझा बूट पांढऱ्या रेघेच्या आत होता. थोडाथोडका नाही, चांगली चार बोटं आत.  मला वाटत होतं कोणीतरी शिवी द्यावी. मेहकरला चहासाठी थांबलो तर पोरांनी माझ्यासाठी बिनसाखरेचा मागवला, मला साखर चालत नाही हे त्यांच्या लक्षात होतं. मी तो कप घेऊन गाडीमागं जाऊन उभा राहिलो. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

तक्रार करा, असं गावातले शहाणे म्हणाले. कोणाविरुद्ध? पंचाचा निकाल आमच्या बाजूनं होता. तक्रार करायची तर माझ्याविरुद्ध करायची. तरी मी आयोजकांना फोन केला. गयावया केली, अगदी लाज सोडून. ते गृहस्थ फार आदरानं बोलले. तुमच्यासारखा संघ होणे नाही, म्हणाले, पण नियम म्हणजे नियम. आता परत यायचं तर जिल्ह्यातून निवडून यावं लागेल, नव्या संघांसारखं, आणि ते सामनेही मॅटवरच.

गिरणीवर लोक दळणाला येत आणि बोलून जात. कोणी म्हणे, भरवशाच्या म्हशीला टोणगा. कोणी म्हणे, यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मॅटचं कारण सांगायला गेलो तर नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकावं लागायचं. मी पट्टा सुरू करून आवाजात ते बुडवायचो. 

उस्तादांकडं मी गेलोच नाही. आठवडे गेले. त्यांचा एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला, दुसऱ्यानं उजेड आणि सावली तेवढी कळते. शेवटी त्यांची सून गिरणीत आली. "अब्बा रोज पुसतात भाऊ," ती म्हणाली. "हारले एवढंच मालूम हाय त्यायले. तुमी आले त बाकीचं सांगू नोका."

मी गेलो. ते ओट्यावर बाजेवर बसले होते. माझ्या पावलांवरूनच मला ओळखलं.

"कसे हारले?" त्यांनी विचारलं.

त्यांच्यापुढं गोलगोल बोलणं मला कधी जमलं नाही. सगळं सांगून टाकलं. दारात सून कपाळाला हात लावून उभी होती.

"पाय सुटला होता?"

"नाही उस्ताद. आतच होता. चार बोटं."

"मंग हात काऊन वर केला बे?"

"काठ नाही लागला पायाले."

त्यांना कळेना. त्यांनी मॅट कधी पाहिली नव्हती आणि आता पाहणारही नव्हते. मी सांगितलं की तिथं खोदत नाहीत, रंगाची रेघ असते नुसती, आणि पायात बूट. ते म्हणाले, बूट आण. मी घरी जाऊन आणला. त्यांनी हात आत घातला, तळवा दाबून पाहिला, बाहेरून बोटांनी चाचपला, पुन्हा आत घातला. जन्मभर कापसात खडा शोधलेली ती बोटं.

"याच्यात पायाले काय कयते?"

"काईच नाही."

त्यांनी बूट मांडीवर ठेवला. मग विचारलं, "परत बोलावतीन?" मी नाही म्हणालो. जिल्ह्यातून निवडून यावं लागतं, मॅटवर, हेही सांगितलं.

"मंग पाट्या बुजवा," उस्ताद म्हणाले.

मला वाटलं, रागानं बोलतायत. ते रागानं बोलत नव्हते. मीच चिडलो. म्हणालो, "म्या नाही बुजवत. तुमी खोदल्या त्या. त्या बुजोल्या त आपल्याजवय राह्यलंच काय?"

"त्या ठेवल्या त पोरं तुह्यावानी हारतीन," ते म्हणाले. "माह्या पाट्यायनं तुहे पाय खराब केले बेटा. लायन्या पोरायचे नोको करू. त्यायले रेघ पाहाले शिकव. आन पंच ठेव एक."

मी तिथं ओट्यावर बसून रडलो. चाळिशीचा बाप्या माणूस, रस्त्यावरून जाणारे बघत होते. उस्तादांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही की काही समजूत घातली नाही. सुनेला म्हणाले, याले पानी दे.

पाट्या आम्ही एका सकाळी बुजवल्या. मोहल्ल्यातले आले, माळीपुऱ्यातले आले, फावडी आणि घमेली घेऊन. ज्या धुमसानं काठ ठोकायचो त्यानंच जमीन सपाट केली. बोटभर खोलीला माती किती लागणार? दुपारच्या आत काम संपलं. मला वाटलं होतं दिवस जाईल. मग चुन्याच्या रेघा मारल्या. लांबून पाहिलं तर मैदान छान दिसत होतं, शाळेच्या खेळांसाठी आखल्यासारखं, आणि मला ते बघवत नव्हतं.

संध्याकाळी उस्तादांनी मला निरोप धाडला की मैदानावर ने. मी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवलं, कमरेला धरायला लावलं. मैदानाच्या कडेला उतरून त्यांनी चपला काढल्या आणि माझा हात बाजूला सारला. एकटेच चालत मधे गेले. सुरावर त्यांनीही कितीतरी वर्षं काढली होती, त्या जागेवर ते डोळे मिटून जात. सावकाश पाय पुढं सरकवला, मग बाजूला, मग अंगठ्यानं जमीन चाचपत थोडे मागं आले.

"म्या सुरावर हाय ना बे?"

"नाही उस्ताद. रेघेच्या बाहेर हाय तुमी."

ते थोडे उजवीकडं सरकले. "आता?"

"अजून बाहेरच."

पुन्हा सरकले, या वेळी उलट्या बाजूला. त्यांचा अंगठा मातीत रुतून काहीतरी शोधत होता. मला ते सहन होईना. मी जाऊन त्यांचा दंड धरला आणि त्यांना दोन पावलं आणून दोन रेघांच्या मधे उभं केलं.

"आता आत हाय," मी म्हणालो.

त्यांनी एकदा खाली पाहिलं, जिथं त्यांना काहीच दिसत नव्हतं.

"मले नाई कयत," ते म्हणाले. "तू म्हनतो त असन."